कुंपण, ओटा आणि मिळकत पत्रिका

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या तालुका शिबिरात भूमि अभिलेख खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. घर विकण्यापूर्वी त्याचे कुंपण, ओटा, पडवी, न्हाणीघर या गोष्टी कागदोपत्री कशा आहेत ते पाहून घ्यावे, एवढाच. परंतु माझ्या सबंध नोकरीत शेताच्या बांधापेक्षा घराच्या ओट्यावरून तुटलेली भावकी मी अधिक पाहिली. आणि हे तंटे बहुधा घर विकावयास काढल्यावरच, म्हणजे पैशाची नड अगदी दाराशी आल्यावरच, उपस्थित होतात.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली, तिचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. 33 फुटांची साखळी शेताशेतांतून फिरली, तिचे सोळा आणे मोजले गेले, साखळीच्या चौरसाला गुंठा म्हटले गेले आणि चाळीस गुंठ्यांचा एकर दप्तरात बसला. गावठाणाच्या सीमेवर मात्र ही साखळी थांबली. तेथे सारा नव्हता, म्हणून आतील घरे मोजण्याचे कारण सरकारला दिसले नाही. ज्या शेतकऱ्याच्या शेताचा हिशेब आण्याआण्याने ठेवला गेला, त्याच्याच राहत्या घराची लांबीरुंदी पिढ्यान्‌पिढ्या कोठेच नोंदलेली नव्हती.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वये गावठाणातील जागांच्या भूमापनाची तरतूद झाली आणि काही गावांना मिळकत पत्रिका मिळाल्या. बाकीची गावे वाटच पाहत राहिली. पुढे ड्रोनने छायाचित्रे घेऊन नकाशे करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला, आणि 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. ड्रोन उडण्यापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आकाशातील यंत्र कितीही सूक्ष्म असो, ते चुन्याची रेघच टिपते. ती रेघ दोन शेजाऱ्यांनी समोरासमोर उभे राहून ओढली की एकाने दुसऱ्याच्या गैरहजेरीत ओढली, हे त्याला दिसत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा उतारा दाखवून ‘हे माझे घर’ असे लोक सांगतात. तो उतारा कर आकारणीचा आहे. घरपट्टी कोण भरतो हे त्यावरून समजते. मालकी त्याने सिद्ध होत नाही आणि हद्द तर मुळीच नाही. मिळकत पत्रिका व तिच्या सोबतचा नकाशा ही त्याहून पक्की गोष्ट आहे, परंतु नकाशा हा मोजणीच्या दिवसाचा असतो. घर मात्र वाढत राहते. थोरल्याचे लग्न ठरले की पडवी बंद होते, म्हैस घेतली की मागे पत्र्याची शेड येते, शेळ्या शिरू लागल्या की तारेचे कुंपण पडते. यांतले नकाशावर आपोआप काहीच येत नाही.

कुंपण म्हणजे हद्द, ही समजूत सर्वांत घातक आहे. कुंपण सोयीने घातले जाते. आंब्याचे झाड आत यावे म्हणून ते कोठे बाहेर सरकते, तर खडक लागला म्हणून कोठे आत येते. कोकणातील जांभ्याचे गडगे पाहा; शंभर वर्षांचा गडगासुद्धा सरळ हद्दीवर असेलच असे नाही.

एक प्रकरण सांगतो. त्यात दोष माझा आहे, म्हणून सांगण्यास संकोच नको. 1987 साली मी नवखा भूमापक होतो. एका गावच्या गावठाणाच्या मोजणीत प्राथमिक शाळेतील एका गुरुजींचे घर माझ्याकडे आले. घरापुढे दगडी ओटा होता. गुरुजींनी विचारले, “भाऊसाहेब, ओटा धरायचा ना?” ओटा रस्त्याच्या जागेत पावणेतीन फूट पुढे आला होता. संध्याकाळ झाली होती. मी म्हणालो, “ओट्याचे काय एवढे, राहू द्या.” मी भिंतीपर्यंत रेघ ओढली आणि पुढच्या घराकडे वळलो. ओटा रस्त्यावर आहे, एवढे एक वाक्य त्यांना त्याच दिवशी सांगावयास हवे होते.

2011 साली गुरुजींनी ते घर विकावयास काढले. पत्नीच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. घेणारा गावातलाच, भला माणूस, बँकेच्या कर्जावर घेणार होता. बँकेच्या माणसाने येऊन टेप लावला. पुढे ओटा नकाशाबाहेर. मागे तारेच्या कुंपणाने शेजाऱ्याची चार फूट रुंद व चाळीस फूट लांब, म्हणजे 160 चौरस फूट जागा आत घेतलेली. ती जागा शेजाऱ्याच्या वडिलांनी तोंडी दिली होती. दोन्ही घरांना शेळ्यांचा त्रास नको, एवढाच उद्देश. ते वडील आता हयात नव्हते. बँकेने कर्ज अडवले.

कोणीतरी गुरुजींना सांगितले की, बारा वर्षांहून अधिक वहिवाट आहे, जागा तुमचीच झाली. हा सल्ला चुकीचा होता. मुदतीच्या 1963 च्या कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे ती मालकाच्या हक्काविरुद्ध असलेल्या कब्जासाठी. परवानगीने दिलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून मालकी येत नाही. पण त्या एका वाक्याने शेजाऱ्याचा मुलगा दुखावला आणि बोलणे बंद झाले. शेवटी हद्द कायम मोजणीचा अर्ज झाला, लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या, खुणा रोवल्या गेल्या, कुंपण मागे आले आणि ओटा गुरुजींनी स्वतः उभे राहून काढविला. व्यवहार सात महिने उशिरा आणि कमी किमतीला झाला. शस्त्रक्रिया त्यापूर्वीच व्याजाने पैसे काढून करावी लागली होती. बाई बऱ्या झाल्या, कर्ज मात्र पुढे दोन वर्षे फिटत होते.

यास्तव घर विकण्याचा विचार मनात येताच, गिऱ्हाईक पाहण्याच्या आधी, मिळकत पत्रिका व नकाशाची नक्कल काढावी आणि साध्या टेपने घर मोजून पाहावे. यात अवघड काही नाही. सातवीतील मुले हे काम करतील, आणि गुंठा शिकविताना शिक्षकांनी त्यांच्याकडून ते करून घ्यावे असे मला वाटते. फरक दिसला तर तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि शेजाऱ्यालाही आग्रहाने बोलवावे. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत जपून ठेवावी. मात्र मोजणीने मालकी निर्माण होत नाही, आणि रस्त्यावरचे बांधकाम नकाशात आले म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 प्रमाणे असे अतिक्रमण काढण्याचा पंचायतीला अधिकार आहे. वाढीव बांधकाम स्वतःच्या जागेत असूनही परवानगीवाचून झाले असेल, तर त्याचा निर्णय विक्रीपूर्वी लावून घ्यावा.

खरेदीखत लिहिताना जुन्या खतातील चतुःसीमा उतरवून काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘पूर्वेस अमक्याचे घर, उत्तरेस बोळ.’ तो अमका वारला, घर तीन मुलांत वाटले गेले, बोळ बुजला, तरी खतात तो वाहतोच आहे. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 21 ला मिळकत ओळखता येईल असे वर्णन हवे असते. ते ताज्या मोजणीवरून लिहावे. आणि जे दोष विकणाऱ्याला ठाऊक आहेत पण घेणाऱ्याला सहज दिसणार नाहीत, ते सांगणे मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्याने विकणाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. कुंपणातील चार फूट शेजाऱ्याचे आहेत, हा असाच दोष होय.

पंचायत सदस्यांना एकच विनंती. नमुना 8 मध्ये नवी खोली किंवा शेड लावण्याचा अर्ज आला की घरपट्टी वाढली एवढ्यावर समाधान न मानता नकाशा मागवून पाहा. ज्या गावांत स्वामित्वची मोजणी व्हावयाची आहे, तेथे चुना टाकण्याच्या दिवशी एक सदस्य आणि एक शिक्षक गल्लीत उभे असू द्या.

काही मंडळींनी आपल्या घरांचे नकाशे बरोबर आणले आहेत असे मला सांगण्यात आले. चहा झाल्यावर मी याच टेबलापाशी बसतो. ते एकेक पाहू. टेप माझ्याजवळ आहे, आणि शेजारची शाळा मोजून पाहण्यास मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे.