कमान की कॅमेरा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे: मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचं काय करायचं. यावर आपल्या ग्रुपवर तीन आठवडे वाद झाला. एक बाजू म्हणते, शाळेच्या फाटकावर आपल्या बॅचच्या नावाची कमान उभारू. दुसरी बाजू, म्हणजे मी आणि आणखी चार-पाच जण, म्हणतो की शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी हवामान बदलावरच्या छोट्या माहितीपटांची स्पर्धा सुरू करू. जेवणानंतर हात वर करून निर्णय होणार आहे. त्याआधी आमची बाजू मांडतो. कमानवाल्यांवर माझा राग नाही. कमान पन्नास वर्षं टिकते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी पुण्यात माहितीपटांचं संकलन करतो. कुणीतरी चाळीस तास चित्रण करून आणतं, त्यातली चाळीस मिनिटं ठेवायची आणि बाकी फेकायचं, हा माझा धंदा. त्या ओळखीवर शाळकरी मुलांच्या पर्यावरणविषयक फिल्म स्पर्धांना परीक्षक म्हणून अनेकदा बसलो आहे. मुलं हुशार असतात, मोबाइल छान हाताळतात. पण दहातल्या आठ फिल्म सारख्याच. सुरुवातीला भेगाळलेली जमीन, मग वितळणारा बर्फ, त्यावर बसलेलं अस्वल, मागे रडकं व्हायोलिन आणि शेवटी दोन ओंजळींत एक रोप. जमीन इंटरनेटवरची, बर्फ इंटरनेटवरचा. ज्या मुलाने ती फिल्म केली त्याच्या गावाचं नावसुद्धा कळत नाही. त्याला कुणीतरी पटवून दिलेलं असतं की हवामान बदल ही दूर कुठेतरी घडणारी गोष्ट आहे.

२०१४ साली जागतिक बँकेच्या एका उपक्रमाने तरुणांसाठी हवामान बदलावरच्या माहितीपटांची जागतिक स्पर्धा घेतली होती. एक गट १४ ते १७ वयाचा, दुसरा १८ ते ३५ चा. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते बर्नार्डो बर्तोलुची, 'द लास्ट एम्परर'चे दिग्दर्शक. फिल्म बारा मिनिटांच्या आत बसवायची होती. बक्षीस मिळालेल्यांत एक होती 'स्नोज ऑफ द नाईल'. दोन अमेरिकन तरुणांनी केलेली, पण गोष्ट युगांडातल्या रुवेन्झोरी पर्वताची. १९०६ साली एका इटालियन मोहिमेबरोबर व्हित्तोरिओ सेला नावाचा छायाचित्रकार तिथे गेला होता. त्याने काढलेले हिमनद्यांचे फोटो घेऊन ही पोरं शंभराहून जास्त वर्षांनी त्याच डोंगरावर चढली, तो उभा होता ती जागा शोधली आणि तिथूनच पुन्हा फोटो काढले. जुना फोटो, नवा फोटो. बर्फ किती उरला ते बघणारा स्वतःच बघतो. त्याला काही सांगावं लागत नाही.

ते पाहिलं तेव्हा मला कमळजा देवीचं मंदिर आठवलं.

आपल्या तलावातून बाहेर जाणारा ओढा नाही, हे आपण भूगोलात शिकलो. पाऊस आणि झरे पाणी आणतात, ऊन ते उडवून नेतं. या जमाखर्चात जे शिल्लक राहतं ती तलावाची पातळी. म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचं एक पर्जन्यमापक आपल्या दाराशी ठेवलेलं आहे, आणि त्याच्या काठावर खूण म्हणून मंदिर उभं आहे. लोणारच्या कुठल्याही घरातला अल्बम उघडा, मंदिरासमोर काढलेला एक तरी फोटो निघतो. जावळाचा, नवरात्राचा, लग्नानंतरच्या दर्शनाचा. कुणीही तो पाण्यासाठी काढलेला नसतो, पण मागे पाणी असतंच. हे आपले सेलाचे फोटो.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळं जग आपल्याकडे बघत होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की पातळी घटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तलाव रामसर यादीत गेला. पुढे उलटंच झालं. पाणी चढत गेलं आणि मंदिरात शिरलं. गुलाबी रंगाचे लाखो फोटो आहेत. पण पाणी पायरी-पायरीने कसं चढलं, कोणत्या महिन्यात किती, याचं सलग चित्रण कुणी केलंय का, विचारून बघा. रोज दिसणारी गोष्ट कुणी टिपत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर विज्ञानाचे सर मला बाकावर उभं करतील. पाणी घटलं म्हणून हवामान बदल आणि वाढलं म्हणूनही हवामान बदल, असलं सोपं गणित मुलांकडून वदवून घ्यायचं नाही. पाऊस आहे, झरे आहेत, आसपासचं भूजल आहे, गावाचं सांडपाणी आहे. कशाचा वाटा किती, ते अभ्यासकांनी ठरवावं. मुलांनी इमानदारीने नोंद ठेवावी. नोंदच नसेल तर अभ्यासक तरी काय करणार?

हळू होणारी गोष्ट दाखवणं कॅमेऱ्याला जमतं, हे आपल्याकडच्या एका माणसानेही फार पूर्वी ओळखलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधी भांडवलदारांना पटवण्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप होताना पडद्यावर दाखवलं. पैसे त्या वाटाण्याने मिळवून दिले! आमच्याही स्पर्धेला पैसे हवेत म्हणून हा दाखला देतोय, असं कुणाला वाटलं तर तसं समजा.

आणि नुसतं पाणीच टिपायला हवं असंही नाही. सर्वनिक कौर यांची 'अगेन्स्ट द टाइड' जमली तर बघा. २०२३ साली सनडान्सला तिला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. मुंबईतले दोन कोळी मित्र, एक बापाच्या रीतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करणारा, दुसरा परदेशात शिकून येऊन कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा. समुद्र बिघडलाय हे त्यात कुणी भाषण करून सांगत नाही. ते दोघांच्या मैत्रीतून, उधारीतून, घरातल्या बोलण्यातून कळतं. आपल्याकडे तीच गोष्ट सोयाबीनच्या पेरणीत आहे. मृगाचा पाऊस, हत्तीचा पाऊस असं बोट मोजून सांगणारी पिढी अजून ओसरीवर बसलेली आहे. माझ्या आजोबांच्या पंचांगात पेन्सिलीच्या खुणा असायच्या: पेरणी कधी, दुबार कधी, विहीर कधी आटली. अशी पंचांगं आणखी किती घरांच्या माळ्यावर आहेत? दहावीतली मुलगी आजोबांपुढे मोबाइल धरून बसली आणि 'हे काय लिहिलंय?' एवढंच विचारलं, तरी फिल्म सुरू झाली.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. फिल्म चार मिनिटांची. एकच जागा, बारा महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथूनच चित्रण. जागा तलावाची असेल तर काठावरच्या कड्यावरून, शिक्षक बरोबर, वनविभागाला विचारून. पाण्यात कुणी उतरायचं नाही. घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हवंच. भाषा घरची चालेल, वऱ्हाडी, बंजारा, उर्दू. इंटरनेटवरचं एकही दृश्य नको. व्हायोलिन तर मुळीच नको. सगळ्या फिल्म शाळेत जपायच्या, म्हणजे दहा वर्षांनी एकाच जागेचे एकशेवीस महिने जमतील. खर्च कमानीच्या निम्माही नाही. उरलेल्या पैशांत फाटक रंगवून होईल, हा माझा कमानवाल्यांना शेवटचा प्रस्ताव.

निर्णय काहीही होवो, एक काम आजच करायचं आहे. निमंत्रणात लिहिल्याप्रमाणे ज्यांनी तलावाचे, धारेचे, मंदिराचे जुने फोटो आणले आहेत त्यांनी ते दाराजवळच्या बाकावर द्यावेत. तिथे दोन विद्यार्थी मोबाइलवर प्रत काढून लगेच परत देतील. फोटोच्या मागे पेन्सिलीने साल लिहा. साल आठवत नसेल तर कडेवर कोणतं पोर आहे ते लिहा. त्याच्या जन्मतारखेवरून साल आम्ही काढू.