जमिनीला पट्टी लावून पाहा

मंडळी, आज मी माझीच फजिती सांगणार आहे. हेडमास्तरची फजिती ऐकायला सगळ्यांना आवडते, तेव्हा नीट ऐका.

आमच्या मधल्या खोलीत सिमेंटचा कोबा आहे. थंडीत तो फार गार पडतो. आई म्हातारी, तिचे पाय दुखतात. मुलगा म्हणाला, "अण्णा, आजीसाठी वर लॅमिनेटच्या फळ्या टाकू." या फळ्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या असतात. वर लाकडाचे चित्र असते. खिळा नाही, सरस नाही. एकीची कड दुसरीत अडकवायची, की झालं. खाली फोमची पातळ चटई असते.

गवंडी आला. बघून म्हणाला, "गुरुजी, कोबा खालीवर आहे. आधी सारखा करू. दोन दिवस लागतील."

मी म्हणालो, "अरे, खाली फोम आहे ना? तो सांभाळून घेईल." दोन दिवसांची मजुरी वाचवली!

पंधरा दिवसांत फळ्या करकर वाजू लागल्या. आईच्या खाटेजवळ पाय ठेवला की फळी खाली दबायची. मग सांधा तुटला. पुसताना त्यात पाणी गेलं, फळी फुगली, कड वर आली. एके रात्री त्या कडेला आईचा पाय अडखळला. भिंत हाताशी होती, म्हणून ती पडली नाही. या वयात मांडीचं हाड मोडलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. काही बोलला नाही बिचारा. फळ्या उचलल्या आणि आपली दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली. पट्टीखालून माझी पेन्सिल आरपार गेली. फळ्यांच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर छापलं होतं, दोन मीटरमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढाच. मुलांना पट्टीने रेघा मारायला शिकवण्यात माझा जन्म गेला. आणि घरातला कागद मी वाचला नाही!

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जमिनीला उतार असला तरी या फळ्यांना चालतो. खड्डा आणि उंचवटा चालत नाही. खड्ड्यावर फळी अधांतरी राहते. माणूस चालला की ती वाकते, आणि रोज वाकून वाकून सांधा तुटतो. फोम मऊ असतो, तो खड्डा भरत नाही. आमच्या खोलीला दाराकडे उतार आहे. तो आम्ही तसाच ठेवला.

गवंड्याने पट्टी उभी, आडवी, तिरकी फिरवली. खोलगट जागी खडूने गोल काढला, उंच जागी फुली मारली. फुली असेल तिथे दगडाने घासलं. जमीन ओली करून घासा, बरं का. कोरड्या सिमेंटची धूळ छातीत जाते, ती वाईट. गोल होता तिथे जुना थर खरवडला, धूळ काढली आणि खड्डा भरला. गुळगुळीत कोब्यावर नुसता सिमेंटचा पातळ हात फिरवला, तर त्याचे पोपडे निघतात. बाजारात जमीन सारखी करण्याची तयार पूड मिळते. ती कालवून ओतली की आपोआप पसरते. पाणी किती घालायचं ते पिशवीवर लिहिलेलं असतं. तेवढंच घाला, अंदाजाने नको.

मग जमीन पुरती वाळू द्यावी. ओल पाहायची युक्ती सोपी आहे. प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस, एक रात्र राहू द्या. खाली पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. आम्ही तीनदा पाहिलं, तेव्हा कोरडं निघालं. भिंतीलगत पेन्सिलीपेक्षा थोडी जास्त फट सोडली, कारण पावसाळ्यात फळ्या पसरतात.

फळ्या पुन्हा बसवल्या. आवाज गेला. मात्र मोडलेल्या नऊ फळ्या नव्या आणाव्या लागल्या, आणि तोच रंग काही मिळाला नाही. खाटेखाली तो फरक दिसतो. पाहुणे आले की आई म्हणते, "खाट हलवू नका रे."