गंज काढण्याआधी पाणी शोधा

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती. ती मुदत २०२३च्या ऑक्टोबरमध्ये संपली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनीने रस्त्याचा निरोप घेतला. खासगी पद्मिनी मात्र अजून बऱ्याच आहेत. कुणाच्या सोसायटीच्या आवारात आच्छादनाखाली, कुणाच्या गावच्या घराच्या पडवीत, कुणाच्या बंद गॅरेजमध्ये. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यातून त्या बाहेर पडल्या. आधी ‘फियाट ११००’ म्हणून आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ म्हणून. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली ही गाडी पुन्हा उभी करावी, असे अलीकडे अनेकांना वाटू लागले आहे. आणि हे काम शक्य तितके घरी, स्वतःच्या हाताने करावे, अशीही हौस असते.

अशी गाडी हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘इंजिन सुरू होईल का?’ खरे तर इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी बाब. १०८९ सीसीचे हे साधे इंजिन जाणकार मेकॅनिक खोलून पुन्हा जोडतो. गाडीचे आयुष्य ठरते ते तिच्या पत्र्यावर. म्हणून पहिला प्रश्न असा हवा, ‘पत्रा किती उरला आहे?’

याचे कारण या गाडीच्या बांधणीत आहे. जीपला खाली मजबूत लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाट ११००ला अशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दरवाजांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी, खांब आणि छप्पर हे सारे एकमेकांना जोडून जो खोका तयार होतो, तोच गाडीचा सांगाडा. आपला अँबॅसडरही याच पद्धतीचा. अशा गाडीत पत्रा हे नुसते अंगावरचे कापड नसते. तीच तिची हाडे असतात. दरवाजाखालची ती पेटी आतून कुजली, तर बाहेरून गाडी कितीही चकाकली तरी ‘बडा घर पोकळ वासा’ अशी गत होते. दरवाजे नीट लागेनासे होतात, जॅक लावताच तळ चेपतो आणि धडक बसलीच, तर माणसांना वाचवायला काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे गंजाचा प्रश्न हा दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

आता गंज म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की गंज सुरू होतो. पाणी दिसायलाच हवे असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि तेवढा पुरतो. त्या ओलाव्यात मीठ असेल तर ही क्रिया फार झपाट्याने होते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडच्या गाड्या नागपूर-सोलापूरच्या गाड्यांपेक्षा लवकर का कुजतात, याचे उत्तर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आहे. ॲल्युमिनियमवर जो थर धरतो, तो घट्ट असतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज त्याच्या उलट, भुसभुशीत. स्पंजासारखा तो पाणी धरून ठेवतो आणि खालच्या कोऱ्या धातूला पोहोचवत राहतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणूनच रंगाला फुगे येतात. रंगावर वाटाण्याएवढा फुगा दिसला, तर खालचा गंज रुपयाएवढा पसरलेला आहे असे समजावे.

म्हणून हाती तारेचा ब्रश घेण्याआधी तपासणी करावी. आसने काढावीत, गालिचा उचलावा, त्याखालचा नमदा काढून टाकावा. वर्षानुवर्षे ओला राहिलेला हा नमदाच तळाचा पत्रा खातो. मग पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकत जावे. धड पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे पेचकसाचे टोक दाबावे. ते आत गेले तर बरेच झाले, कारण भोक आधीच होते, ते फक्त दिसले. पातळ फडक्यात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. तो जिथे धरत नाही, तिथे कुणीतरी पूर्वी पुट्टी, म्हणजे कारागिरांच्या भाषेत लांबी, भरून वेळ मारून नेलेली आहे. दरवाजांचा तळ, हेडलाइटच्या मागची जागा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची जागा ही ठिकाणे कधीही वगळू नयेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळे काम वाया जाते ते तिथेच. गंज सापडला, पण पाणी आले कुठून? एकाने गाडीत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडावे. आधी काचेच्या खालच्या कडेला, मग वर, मग दरवाजांवर. पुढच्या काचेचे रबर कडक झालेले असते. तिथून शिरलेले पाणी डॅशबोर्डमागून उतरते आणि ड्रायव्हरच्या पायाखाली साचते. भोक दिसते पायाशी, दोष असतो काचेशी. पायाखालचा पत्रा बदलला आणि रबर तेच ठेवले, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. दरवाजाचेही तसेच. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी जाणारच. ते खाली पडावे म्हणून दरवाजाच्या तळाला लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली, की दरवाजा म्हणजे पाण्याची टाकी. एका काडीने छिद्र मोकळे करण्याच्या कामाला एक पैसा लागत नाही, पण ते न केल्यामुळे दरवाजेच्या दरवाजे बदलावे लागतात.

पाण्याची वाट बंद केली की गंजाकडे वळावे. त्याच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली, वरवरचा तांबूस थर. दुसरी, पत्र्याला खड्डे पडलेले, पण आरपार नाही. तिसरी, आरपार भोके. पहिल्या दोन घरी हाताळता येतात. तिसरीत घरचे काम कुठे संपते, हे ओळखायला हवे.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरेसे असतात. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा ओले घासावे, तोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट अशा सुट्या वस्तू व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवल्या तरी स्वच्छ होतात. नंतर त्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरड्या कराव्यात. स्प्रिंगा मात्र आम्लात घालू नयेत. आम्लामुळे तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते.

सुट्या भागांसाठी दुसरी उत्तम पद्धत विजेची. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, २० लिटरला चारपाच मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, एखादी टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. काही तासांत गंज सुटून येतो आणि धड धातू झिजत नाही. पथ्ये तीन. सोड्याऐवजी मीठ घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन निघतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नये, कारण तिच्यातल्या क्रोमियमची घातक संयुगे पाण्यात उतरतात. आणि हे काम मोकळ्या हवेतच करावे, कारण बादलीतून येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. बादलीत हात घालण्याआधी चार्जर बंद करावा, हे सांगायला नकोच.

खड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशने पूर्ण निघत नाही. तिथे गंजाचे रूप पालटणारी रसायने वापरतात. बाजारात मिळणाऱ्या अशा द्रावणांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असते. नावे परकी वाटली तरी दोन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. दिल्लीत कुतुबमिनाराजवळ गुप्तकाळातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला, हे कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासाने दाखवले. फॉस्फोरिक आम्ल लावल्यावर पत्र्यावर जो करडा थर येतो, तोही लोखंडाचा फॉस्फेटच. आणि टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यातला तुरटपणा. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळाभोर रंग होतो. शाई आणि कापडाचे रंग त्यातूनच करत असत. टॅनिनचे द्रावण लावलेला तांबूस गंज काळा पडतो, तो याच कारणाने. पण हे रसायन लोहस्तंभाचे आयुष्य देत नाही. ते जेवढे आत झिरपते तेवढ्याच गंजाला बदलते. पापुद्रे तसेच ठेवून वरून फासले, तर खालचा गंज आपले काम चालूच ठेवतो.

आता आरपार भोके. इथे मोह होतो तो लांबीचा. भोकात जाळी किंवा कागद कोंबायचा, वर लांबी, वर रंग. गाडी सुरेख दिसते. मात्र लांबी भार पेलत नाही आणि दोन पावसाळ्यांत कडेने सुटून आत पाणी धरते. कुजलेला भाग चकाकता, धड पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, याला पर्याय नाही. हा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. साध्या आर्क वेल्डिंगने तो जळून जातो. गॅस किंवा सीओटू वेल्डिंगचा सरावलेला हातच इथे हवा. तळाच्या आणि दरवाजाखालच्या पेटीच्या कामासाठी जुना, जाणता पत्रेवाला गाठावा. घरी आपण करायचे ते आधीचे आणि नंतरचे काम. त्याच्याकडे गाडी देताना दोन गोष्टी पाहाव्यात. पेटी कापण्याआधी दरवाजांच्या चौकटीला आतून लोखंडी आधार जोडलेला असावा. नाहीतर सांगाडा बसतो आणि नवे वेल्डिंग झाल्यावर दरवाजे लागत नाहीत. आणि पेट्रोलची टाकी काढलेली असावी, बॅटरीची जोडणी सोडलेली असावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते.

घरी गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी आणि त्या धड पत्र्याखालीच लावाव्यात. विटांचा थर हा आधार नव्हे.

उघडा केलेला पत्रा फार वाट पाहत नाही. दमट हवेत काही तासांत त्याच्यावर तांबूस छटा येते. हाताच्या घामाचे ठसेसुद्धा दुसऱ्या दिवशी उमटलेले दिसतात. म्हणून आवरेल एवढाच भाग उघडा करावा आणि थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर लावावा. आपल्याकडचा नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त खरा, पण त्यातून ओलावा झिरपतो. इपॉक्सी प्रायमर महाग पडला तरी पाण्याला अधिक चांगला अडवतो. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे, आषाढात नव्हे. जोडांच्या रेषा सीलंटने बुजवाव्यात आणि पोकळ पेट्यांच्या आत लांब नळीने मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे, कारण तिथे ब्रश पोहोचत नाही. पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र उघडीच ठेवावीत. आणि गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घालू नये. खाली कोंडलेली वाफ रात्री पाणी होऊन पत्र्यावरच उतरते. हवा खेळेल असे कापडी आच्छादन बरे.

२०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी वाहने त्यात येतात, पण सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मूलभूत बदल केलेला नसावा, ही अट आहे. १९७०च्या दशकातल्या अनेक गाड्या आता या वयाला पोहोचत आहेत. ज्यांचा मूळ पत्रा जपला गेला, त्यांना ही अट जड जाणार नाही.

गंज एकदा काढला की कायमचा गेला, असे होत नाही. दर वर्षी मृगाआधी एक सकाळ द्यावी. गालिचा उचलावा, छिद्रांतून काडी फिरवावी, रबरे दाबून पाहावीत, खरचटलेल्या जागी रंगाचा हात द्यावा. घरावरची कौले आपण पावसाआधी चाळतोच की! या गाडीलाही तेवढाच वेळ लागतो. तो दिला, तर आजोबांची गाडी नातवाला चालवायला मिळते आणि तीत बसताना पायाखाली खरा पत्रा असतो.