पाण्याचीं तीन मापें



वारणेच्या खोऱ्यांतील कोडोलीसारख्या गांवीं पावसाळा भरांत आला म्हणजे तीन प्रकारचे आंकडे कानीं पडतात. चांदोलीच्या धरणांत इतके टीएमसी पाणी सांठलें, सांडव्यावरून इतके क्युसेक सोडलें, आणि नदीची पातळी इतके फूट झाली. तिन्ही आंकडे पाण्याचेच. तेव्हां ते एकाच गोष्टीचे असावेत, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें त्या तीन भिन्न राशी आहेत, आणि पुराच्या वेळीं त्यांची गल्लत करणें परवडण्यासारखें नाहीं.

कोणतेंहि माप म्हणजे एक संख्या व एक एकक यांची जोडी होय. नुसतें 'दहा' म्हटल्यानें कांहींच बोध होत नाहीं. दहा काय, हें कळलें म्हणजेच राशि कोणत्या जातीची तें उमगतें.

एक टीएमसी म्हणजे 100 कोटि घनफूट. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकारानें घनफळ मिळतें. ही राशि सांठ्याची, रांजणांत पाणी किती आहे याची. चांदोली धरणाची क्षमता 34.40 टीएमसी आहे. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारें 28.3 लिटर. येथें घनफळास काळानें भागलें आहे. ही राशि ओघाची, तोटींतून दर सेकंदास किती पाणी पडतें याची. फूट हें मात्र केवळ लांबीचें एकक. तें पाण्याच्या पातळीची उंची सांगतें.

सांठा व ओघ यांना जोडणारा दुवा काळ होय. दिवसाचे सेकंद 86,400. धरणांतून 10,000 क्युसेक पाणी दिवसभर सुटलें तर 86.4 कोटि घनफूट बाहेर पडतें, म्हणजे एक टीएमसीहि पुरतें नाहीं. त्याच वेळीं डोंगरांतून 15,000 क्युसेक पाणी आंत येत असेल, तर दरवाजे उघडे असूनहि सांठा वाढतच राहील. 'पाणी सोडलें, आतां धरण उतरेल' असें म्हणण्यापूर्वीं येणारा व जाणारा असे दोन्ही ओघ ताडून पाहावे लागतात.

ओघावरून पातळी काढणें त्याहून अवघड. पात्र रुंद असेल तेथें तोच ओघ थोडा चढतो, अरुंद असेल तेथें फार. त्यांतच खालीं कृष्णा तुडुंब असली म्हणजे वारणेचें पाणी पुढें सरकत नाहीं. फुगवटा येतो, आणि ओघ न वाढतांहि पातळी चढते. शिवाय फूट कोठल्या शून्यापासून मोजले, हेंहि महत्त्वाचें. कोल्हापुरानजीक पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापाशीं 39 फुटांस इशारा व 43 फुटांस धोका मानतात. ते आंकडे त्या नदीचे व त्या जागेचे. वारणेवरील पुलास ते लावूं नयेत.

1956 सालच्या कायद्यानें देशांत दशमान मापें आलीं, तरी पाण्याच्या बोलण्यांत फूट व घनफूट अद्याप टिकून आहेत. त्यांनीं अडत नाहीं. एकक जुनें असो वा नवें, तें कोणत्या राशीचें हें ठाऊक असलें म्हणजे झालें. बातमींतील आंकडा ऐकतांना तो सांठ्याचा, ओघाचा कीं उंचीचा, आणि कोठला, एवढें विचारण्याची संवय लागली, तर गोठ्यांतील जनावरें केव्हां सोडावीं व घर केव्हां रिकामें करावें, हा निर्णय अफवेवर सोंपवावा लागणार नाहीं.