दादा, आपली नेशन्स लीग कुठंय?

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलंय.)

रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीतून चालू आहे, तेव्हा मध्येच रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या मावसभावानं दिलाय. वय सतरा. शाळेच्या टीममधून खेळला, आता कॉलेजच्या टीममध्ये आहे, एका क्लबमध्येही आहे, आणि शनिवार-रविवार टर्फवरच्या टुर्नामेंट वेगळ्या. गेल्या महिन्यात त्याची नडगी दुखायला लागली. आधी त्यानं घरी सांगितलंच नाही. मग एक दिवस जिना उतरताना लंगडताना मावशीनं पकडला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळायचं नाही. हाडावर सतत ताण येतोय, विश्रांती मिळत नाहीये.

तर हा पठ्ठ्या सोफ्यावर पाय वर करून युरोपातल्या नेशन्स लीगचे हायलाइट्स बघत बसलेला. मला म्हणाला, "दादा, आपली नेशन्स लीग कुठंय?"

प्रश्न साधा होता, पण मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

आधी नेशन्स लीग म्हणजे काय ते पटकन सांगतो. पूर्वी वर्ल्ड कप आणि युरोच्या पात्रता फेऱ्यांमधल्या मोकळ्या तारखांना देश आपसात मैत्रीपूर्ण सामने खेळायचे. अर्धी टीम बदललेली, प्रेक्षक कंटाळलेले. २०१८ मध्ये युएफानं त्या जागी स्पर्धा आणली. देशांचे ताकदीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार गट. गटात पहिले आलात तर वर जायची संधी, तळाला राहिलात तर खाली. ए गटातले शेवटी विजेतेपदासाठी खेळतात. २०१९ मध्ये पहिली ट्रॉफी पोर्तुगालनं घेतली, आणि जून २०२५ मध्ये म्युनिकला स्पेनला पेनल्टीवर हरवून परत त्यांनीच.

आता या स्पर्धेवर मोठ्या खेळाडूंचा राग आहे, आणि तो खोटा नाही. पेद्री आठवतोय ना? २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो आणि ऑलिंपिक मिळून त्र्याहत्तर सामने खेळला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता! सप्टेंबर २०२४ मध्ये रोद्री म्हणाला की खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि त्यानंतर काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. एका इजेचं एकच कारण असं छातीठोकपणे सांगता येत नाही, मान्य. पण शरीर काही सर्व्हर नाही की रॅम वाढवली आणि चाललं.

पण हीच स्पर्धा खालच्या गटातून बघा. सान मारिनो. इटलीच्या पोटातला एवढासा देश, लोकसंख्या पस्तीस हजारांच्या आत. आपलं नाशिक शहर २०११ च्या जनगणनेत जवळजवळ पंधरा लाखांचं होतं, यावरून अंदाज घ्या. हे बिचारे वर्षानुवर्षं पात्रता फेरीत मोठ्या देशांकडून सहा-सहा, आठ-आठ गोल खायचे. २००४ मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना जिंकले होते, लिक्टेनश्टाइनविरुद्ध. त्यानंतर वीस वर्षं एकही विजय नाही. ५ सप्टेंबर २०२४ ला नेशन्स लीगच्या डी गटात परत लिक्टेनश्टाइनलाच १-० हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरी जाऊन ३-१. थेट सी गटात बढती!

दुसरा जॉर्जिया. नेशन्स लीगच्या सी गटात पहिले आले, त्यामुळे प्लेऑफ मिळाला. मार्च २०२४ मध्ये ग्रीसला पेनल्टीवर हरवून पहिल्यांदा युरोत पोहोचले, आणि तिथे पोर्तुगालला २-० हरवलं.

म्हणजे ज्या तारखा रोद्रीला जड वाटतात, त्याच सान मारिनोला हव्या आहेत. कारण त्यांना बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो. टर्फवर खेळणाऱ्या कोणालाही हे पटेल. दरवेळी ०-९ हरून काय शिकणार? आणि ९-० जिंकूनही काय शिकणार? ३-२ च्या मॅचमध्ये कळतं आपण कुठे कमी पडतो.

मग आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. आपण कुठंय?

आपलं गणित तिसरंच आहे. आपल्याकडे तारखांची मारामारीही आहे आणि सामन्यांचा दुष्काळही.

इथे फिफाचा एक नियम समजून घ्या, सगळं भांडण त्यावर आहे. वर्षात ठरावीक दिवसांच्या 'विंडो' असतात, साधारण मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. या दिवसांत देशानं बोलावलं तर क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. विंडोबाहेर सोडायचा की नाही, ही क्लबची मर्जी. आशिया कपसारख्या मोठ्या स्पर्धांचा अपवाद. पण एशियन गेम्स त्यात येत नाहीत.

सप्टेंबर २०२३. हांगझोऊ एशियन गेम्स. आयएसएलचा हंगाम २१ सप्टेंबरला सुरू होणार होता, त्यामुळे क्लबांनी हात आखडता घेतला. कोच इगोर स्टिमॅचना हवे होते त्यातले बरेच खेळाडू मिळालेच नाहीत. कशीबशी टीम जमली. ती चीनमध्ये पोहोचली १८ तारखेच्या संध्याकाळी, आणि १९ ला यजमान चीनविरुद्ध मॅच! ना धड सराव, ना झोप. पहिल्या हाफमध्ये राहुल केपीनं गोल मारून १-१ केलं, तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ओरडलो होतो. शेवट १-५. आणि एकोणचाळिशीतला सुनील छेत्री पुढचे सामनेही खेळतच राहिला, कारण पर्याय कुठे होता?

दोन वर्षांनी पुन्हा तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य आशियातल्या देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये मलेशियानं माघार घेतली आणि ती जागा आपल्याला मिळाली. नवे कोच खालिद जमील, मुंबईच्या मैदानांवर खेळलेला आणि कोचिंग केलेला माणूस. स्पर्धा सुरू होणार २९ ऑगस्टला, विंडो उघडणार १ सप्टेंबरला. फरक तीन दिवसांचा, पण मोहन बागाननं खेळाडू सोडले नाहीत.

आता मी क्लबला शिव्या घालणार नाही. पगार क्लब देतो. खेळाडू मोडून परत आला तर हंगाम क्लबचा जातो. आपण ऑफिसात नाही का चिडत, आपल्या टीमचा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवाले 'दोनच दिवस' म्हणून नेतात तेव्हा?

तरी त्या टीमनं काय केलं बघा. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. इराणकडून ०-३ हरले, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. मुंबईचा आपला राहुल भेकेही त्या टीममध्ये होता. दहा-अकरा दिवसांत चार सामने, बहुतेक तोलामोलाचे. भारताची टीम सुधारताना दिसली, ती अशा सामन्यांत.

आणि त्याच वेळी घरी काय चाललं होतं? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवला होता, संघटना आणि आयोजकांच्या कराराचा घोळ म्हणून. तिकडे पेद्रीला त्र्याहत्तर सामने, आणि इकडे आपल्या खेळाडूला पुढचा लीग सामना कधी हेच माहीत नव्हतं. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरकडून १-२ हरलो. छांगटेनं सुंदर गोल मारून आघाडी दिली होती, तरीही. २०२७ च्या आशिया कपचा रस्ता तिथेच बंद झाला.

मला या सगळ्याचं एवढं का लागतं, सांगतो. जून २०१८. मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध आपण ५-० जिंकलो आणि बघायला होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो हात जोडलेला व्हिडिओ आला, 'स्टेडियमवर या' म्हणणारा. मी तेव्हा बीटेक करत होतो. ४ जूनला नाशिक रोडहून ट्रेन पकडून अंधेरीला गेलो, केनियाविरुद्धची मॅच बघायला. धो धो पाऊस, मैदानावर पाणी, चेंडू जागेवरच थांबतोय. ३-० जिंकलो, छेत्रीचे दोन गोल. स्टेडियम भरलेलं होतं. रात्रीच्या एसटीनं भिजलेल्या बुटांत पहाटे घरी आलो आणि आईची बोलणी खाल्ली.

तेव्हा वाटलं होतं, लोक आले की झालं, आता फुटबॉल सुधारणार. आज वाटतं, लोक येतील हो, पण मॅच कधी आहे, ते तर नीट ठरवा.

माझ्या मते काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. वर्षाचं एकच कॅलेंडर. आधी फिफाच्या विंडो आणि देशाच्या मोठ्या स्पर्धा त्यात भरायच्या, मग लीग, मग बाकीचं. देशाचा कॅम्प विंडोबाहेर हवा असेल तर तो क्लबांशी हंगामाआधी बोलून ठरवायचा, आठवडाभर आधी पत्र पाठवून नाही. आणि विंडोमध्ये सामना घ्यायचा तो बरोबरीच्या किंवा थोड्या वरच्या देशाशी. फिफा २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो जोडून एकच मोठी करतंय, चार सामन्यांची. ती आपण कोणाशी खेळून वापरतो, हे नक्की बघा.

भावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्याला नाहीच?" म्हटलं, युरोपासारखी नाही. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माझ्या तिन्ही कोचना एकमेकांचं वेळापत्रक माहीतच नाही रे."

घ्या! म्हणजे घरातही तोच घोळ. मग त्या संध्याकाळी आम्ही एक शेअर्ड कॅलेंडर बनवलं. कॉलेज, क्लब, टर्फ, तीन रंग. मागच्या महिन्यातल्या तारखा भरल्या तर सव्वीस दिवस रंगलेले निघाले. मावशी नुसती बघतच राहिली. आता चौथा रंग आहे, विश्रांतीचा, आणि तो सगळ्यात आधी भरायचा असं ठरलंय. दोन कोचना लिंक पाठवली, एकानं लगेच हो म्हटलं. दुसऱ्यांचं उत्तर अजून यायचंय. टर्फवाल्यांना भाऊ स्वतः नाही म्हणणार आहे. बघू जमतं का!

तुम्ही किंवा घरातलं कोणी खेळत असेल तर गेल्या महिन्याच्या तारखा एकदा मोजा, आणि आकडा मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो.

चला, भेटू. काळजी घ्या, आणि नडगी दुखली तर लपवू नका.