पाळणा पडत का नाही?

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘आपला व्यवसाय, आपले छंद’ या कार्यक्रमात दिलेले भाषण)



भाषण करणे हा माझा प्रांत नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याशीच संसार चालू आहे. पण गेल्या वर्षी आपल्या मैदानावरच्या आनंदमेळ्यात आकाशपाळण्यात बसलो असताना, अगदी टोकावर पोहोचल्यावर माझ्या मुलीने विचारले, “बाबा, हा पाळणा पडत का नाही?” त्या उंचीवर मला काही उत्तर सुचले नाही. खाली उतरल्यावर पुस्तके शोधली, वाचत गेलो आणि थेट न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावर, कोनी आयलंडला जाऊन पोहोचलो. पोहोचलो म्हणजे वाचनातून, पास काढून नव्हे!

या खेळांचा आणि आपल्या खात्याचा संबंध फार जुना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात १८२७ साली कोळसा उतरवण्यासाठी एक रेल्वे बांधली गेली. तिला इंजिन नव्हते. उतारावरून वाघिणी आपल्याच वजनाने खाली येत. लोकांनाही त्यात बसायची हौस वाटू लागली. पुढे १८७२ मध्ये कोळशासाठी बोगदा झाला आणि जुनी लाइन प्रवाशांच्या करमणुकीलाच उरली. हीच कल्पना लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने १८८४ साली कोनी आयलंडला आणली. ६०० फूट लांबीचा लाकडी मार्ग, ताशी जेमतेम ६ मैल वेग आणि तिकीट ५ सेंट. दुसऱ्या टोकाला माणसे गाडी ढकलून परतीच्या मार्गावर लावत. म्हणजे शंटिंगच म्हणा ना!

मग या किनाऱ्यावर एकामागून एक बागा उभ्या राहिल्या. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू यांची स्टीपलचेस, तिथे रुळावरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांची शर्यत लागे. १९०३ मध्ये ल्यूना पार्क, १९०४ मध्ये ड्रीमलँड. विजेच्या दिव्यांचा असा झगमगाट त्या काळी लोकांनी क्वचितच पाहिला असेल. पण सगळे बांधकाम लाकूड आणि प्लास्टरचे. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळाली. टिल्यूंनी दुसऱ्याच दिवशी पाटी लावली, जळालेले अवशेष पाहायचे १० सेंट! त्यांनी बाग पुन्हा उभारली. ड्रीमलँडच्या नशिबी ते नव्हते. १९११ च्या मे महिन्यात, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या रात्री, ‘हेल गेट’ म्हणजे नरकाचे दार या खेळाची गळती डांबराने बुजवण्याचे काम चालू होते. तिथे आग लागली आणि सकाळपर्यंत बाग बेचिराख झाली. घाईची दुरुस्ती किती महाग पडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता थोडे आपल्या धंद्यातले. १८९५ साली तिथे ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा खेळ होता. गाडी उभ्या वर्तुळातून पूर्ण उलटी होऊन बाहेर येई. वर्तुळ अगदी नेमके गोल, व्यास २५ फूट. लोकांच्या माना दुखावत. कारण आपल्या ट्रॅकवाल्यांना लगेच कळेल. सरळ मार्गावरून एकदम पूर्ण वक्रात शिरले की धक्का बसणारच. आपण म्हणूनच सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये ट्रान्झिशन कर्व्ह घालतो. १९०१ च्या ‘लूप द लूप’ने गोलाऐवजी लंबगोल आकार घेतला आणि त्रास कमी झाला. पण एका गाडीत चारच माणसे बसत. बसणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त, त्यामुळे धंदा काही जमला नाही.

खरी सुधारणा जॉन मिलर या अभियंत्याने केली. आपल्या गाडीचे चाक रुळावर राहते ते वजनाने आणि चाकाच्या कडेने. पण वेगाने टेकाडावरून जाताना गाडी वर उचलली गेली तर? मिलर यांनी रुळाच्या खालून फिरणारे आणखी एक चाक दिले. त्यामुळे गाडीने उडायचे म्हटले तरी रूळ तिला सोडत नाही. आणि चढावर जी टकटक ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, ती गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याची असते. आवाज भीतीचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे!

१९२० साली शहराची ५ सेंटची लोकल किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि गिरणी-कारखान्यातल्या माणसालाही समुद्र परवडू लागला. त्याच वर्षी १५० फूट उंचीचा ‘वंडर व्हील’ सुरू झाला. त्याचे २४ डबे, त्यांतले १६ रुळांवरून आत-बाहेर घसरतात. १९७७ च्या जुलैत न्यूयॉर्कची वीज गेली, तेव्हा पाळण्यात लोक अडकले होते. हाताने फिरवायची सोय मुळातच ठेवलेली होती, म्हणून चाक फिरवून सगळ्यांना सुखरूप उतरवले. सत्तावन्न वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून ठेवला होता, तो त्या रात्री कामाला आला.

शेवटी दोन कोस्टरांची गोष्ट. ‘थंडरबोल्ट’ १९२५ चा, ‘सायक्लोन’ १९२७ चा. किनारा एकच, खारा वारा एकच. थंडरबोल्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, गंजला, त्यावर वेली चढल्या आणि २००० साली पाडला गेला. सायक्लोनही १९७० च्या दशकात पाडला जाणार होता. लोकांनी मोहीम केली, १९७५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि १९९१ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. पण मानपत्राने लाकूड टिकत नाही. असा लाकडी मार्ग रोज उघडण्यापूर्वी माणसे पायी तपासतात, खिळे ठोकतात, कुजलेली फळी बदलतात. आपला कीमॅन पहाटे खांद्यावर हातोडा घेऊन निघतो, तसेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सायक्लोनच्या साखळीच्या दातेरी चाकाला तडा सापडला. खेळ थांबवला, लोकांना चालत खाली आणले, दुरुस्ती झाली, मगच पुन्हा सुरू. सत्त्याण्णव वर्षांचा हा म्हातारा त्या दिवशी बंद राहिला, हीच त्याच्या दीर्घायुष्याची खूण.

हे सगळे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मेळ्यातल्या पाळण्याजवळ गेलो. तीन डब्यांच्या खिळींना कॉटर पिनेऐवजी तार गुंडाळलेली होती. मालकाला दाखवली. “साहेब, रोज चालतंय की,” तो म्हणाला. मी म्हटले, “रोज चालतंय म्हणूनच रोज बघायचं असतं.” संध्याकाळपर्यंत त्याने नव्या पिना बसवल्या, तोवर पाळणा बंद ठेवला. मुले हिरमुसली, एक-दोन पालक माझ्यावर रागावलेही. चालायचेच.

मुलीला आता माझ्याकडे उत्तर आहे. पाळणा आपोआप टिकून राहत नाही, बाळा. आदल्या सकाळी कोणीतरी त्याच्याभोवती फिरून आलेले असते, म्हणून तो पडत नाही.

मंडळाला एकच विनंती. मेळा असेपर्यंत रोज सकाळी आरतीपूर्वी आपल्यापैकी दोघांनी मैदानावर एक फेरी मारावी. पाळण्याच्या खिळी, मांडवाच्या दोऱ्या, दिव्यांच्या वायरी पाहाव्यात. वर्कशॉप, सिग्नल, ट्रॅक अशी सगळी खाती आपल्यातच आहेत. पहिल्या सकाळी मी येतो. दुसरे नाव कोण देणार, ते आजच सांगा.

गणपती बाप्पा मोरया!