शरदातील शालेय परसबाग : लागवडीपासून जोपासनेपर्यंत

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



भारतीय हवामान विभागाच्या सरासरी तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून परतू लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत संपूर्ण देशातून माघार घेतो. या चार आठवड्यांत देशातील बहुतेक शाळांच्या आवारातील जमीन ओलसर व भुसभुशीत असते, ऊन सौम्य होऊ लागते आणि पहिले सत्र अजून चालू असते. मुलांच्या हाती खुरपे देण्यास वर्षातील यापेक्षा अनुकूल काळ नाही. शालेय परसबाग हा विषय वरकरणी लहान वाटतो. तथापि पोषण, शिक्षण, सामाजिक समता आणि प्रशासन या चारही बाबी त्यात एकत्र येतात. म्हणूनच त्याचा अभ्यास आवश्यक ठरतो.

पार्श्वभूमी

शाळेतील उत्पादक कामाचा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे शिक्षणाच्या केंद्रस्थानी उत्पादक हस्तव्यवसाय असावा, हा विचार मांडला गेला. त्यानुसार डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला. सूतकताईबरोबरच शेती व बागकाम यांनाही त्यात स्थान होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभवा’चा पुरस्कार केला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा रूढ केली.

दुसरा प्रवाह शालेय आहाराचा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणास पोषण आहाराचे साहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक केले आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या आहाराला वैधानिक हक्काचे रूप दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर झाली. त्या वेळी तिच्या कक्षेत ११.२० लाख शाळांतील सुमारे ११.८० कोटी बालके होती.

हे दोन प्रवाह ऑक्टोबर २०१९ मध्ये एकत्र आले. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्या महिन्यात शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. मोकळी जागा नसलेल्या शहरी शाळांनी कुंड्या, डबे, पोती किंवा गच्ची यांचा उपयोग करावा, तसेच कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठे यांचे तांत्रिक साहाय्य घ्यावे, अशी त्यामागील भूमिका आहे.

शरदातील कामाचा क्रम

महाराष्ट्रातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. सप्टेंबरच्या अखेरीस तण काढून जमीन दोनदा खणली जाते व तीत कुजलेले शेणखत मिसळले जाते. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत गादीवाफे, तर हलक्या जमिनीत सपाट वाफे केले जातात. टोमॅटो व वांगी यांचे बी थेट वाफ्यात न पेरता प्रथम रोपवाटिकेत टाकावे लागते. साधारण चार आठवड्यांनी रोपे लावणीयोग्य होतात. मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर यांची पेरणी थेट वाफ्यात होते. धने हलके रगडून दोन भाग केल्यावर व काही तास भिजवल्यावर पेरले, तर उगवण चांगली होते.

मराठी घरांतील मुलांना उगवणीचा एक प्रयोग आधीच परिचित असतो. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत किती वाढते, हे त्यांनी पाहिलेले असते. शिक्षकाने त्याच अनुभवाला मोजपट्टीची जोड दिली की विज्ञानाचा पाठ सुरू होतो. शंभर दाण्यांपैकी किती उगवले, हे शेकडेवारीचे गणित होय. सावलीतील रोप लांबट व फिकट का झाले, या प्रश्नातून प्रकाशसंश्लेषणाची ओळख होते. मोहरीवरील मावा आणि तो खाणारा ढालकिडा एकाच पानावर दिसले, म्हणजे अन्नसाखळीचे चित्र फळ्यावर काढण्याची गरज उरत नाही.

ऋतू एकच असला तरी देशभर काम एकसारखे नसते. पंजाब व उत्तर प्रदेशात याच काळात मोहरी, गाजर, वाटाणा यांची पेरणी होते. तमिळनाडूच्या किनारी भागात ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असल्याने तेथे उंच वाफे व पाण्याचा निचरा यांकडे आधी लक्ष द्यावे लागते. लडाखमध्ये शरद म्हणजे हंगामाची अखेर; बटाटे, गाजर, सलगम काढून गोठणापूर्वी जमिनीखालील खड्ड्यांत साठवण्याची ही वेळ असते. मिझोरामच्या लॉंगतलाई जिल्ह्यात बालकुपोषणाचा सामना करण्यासाठी ‘कान सिकुल, कान हुआन’, म्हणजे ‘माझी शाळा, माझे शेत’, हा उपक्रम प्रशासनाने हाती घेतला. एकाच परिपत्रकात एकच वेळापत्रक संपूर्ण देशाला लावता येत नाही, हा यातील प्रशासकीय बोध आहे.

गणित काय सांगते?

परसबागेकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी? शालेय आहाराच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक बालकास दररोज ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील बालकास ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. प्राथमिक वर्गातील ६० मुलांच्या शाळेला दररोज ३ किलो भाजी लागते. शिक्षण हक्क कायद्याने ठरवून दिलेले किमान २०० शालेय दिवस धरले, तर वर्षाला ही गरज ६०० किलो होते. एक चौरस मीटर वाफ्यातून मेथीचे उत्पादन साधारण अर्धा ते एक किलो मिळते. म्हणजे २० चौरस मीटरच्या वाफ्यांतील एक पीक शाळेला तीन ते सहा दिवस पुरेल.

हा हिशेब निराश करणारा नाही. तो भान देणारा आहे. परसबाग हा भाजीखरेदीच्या तरतुदीला पर्याय नव्हे. बाग आहे म्हणून खर्चात कपात करणे, हे मुलांच्या ताटातील वाटा कमी करण्यासारखे होईल. बागेचे योगदान निराळे आहे. बटाटा, वाटाणा यांपुरत्या मर्यादित राहिलेल्या आमटी-भाजीत ताजी पालेभाजी येते. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील २४ टक्के व १० ते १९ वयोगटातील २८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबासारखे क जीवनसत्त्वयुक्त फळ असल्यास शोषण वाढते. म्हणून पालकाच्या वाफ्याशेजारी लिंबाचे झाड असणे हितकारक आहे. शिवाय स्वतः वाढवलेली भाजी मूल सहसा ताटात टाकत नाही, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

जोपासनेतील अडचणी

बाग लावण्याचा कार्यक्रम एका दिवसात होतो. तिची जोपासना मात्र पाच-सहा महिने चालते आणि खरी कसोटी तेथेच लागते.

पहिली अडचण सुट्टीची. पेरणीनंतर काही दिवसांतच दिवाळीची सुट्टी येते आणि कोवळी रोपे पाण्यावाचून सुकतात. यावर उपाय वेळापत्रकात आहे. दिवाळी उशिरा असल्यास २५-३० दिवसांत येणारी मेथी आधी पेरून सुट्टीपूर्वी काढता येते. दिवाळी लवकर असल्यास मुख्य पेरणी सुट्टीनंतर करणे योग्य. रोपवाटिकेसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या व पालकांच्या पाळ्या ठरवाव्यात आणि वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. उन्हाळी सुट्टीत हंगामी भाज्या टिकत नाहीत. म्हणून कडेने शेवगा, कढीपत्ता व लिंबू ही बहुवर्षायू झाडे असावीत.

दुसरी अडचण पाण्याची. जेथे पिण्याचे पाणीच अपुरे आहे, तेथे बागेचा आग्रह अन्यायाचा ठरेल. तथापि तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी रोज उपलब्ध असते; ते वाफ्यांकडे वळवता येते. भाज्यांची साले व देठ खतखड्ड्यात टाकले, की स्वयंपाकघर आणि बाग यांचे चक्र पूर्ण होते.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती सामाजिक आहे. माती कोण खणतो, शेण कोण कालवते, झारी कोणाच्या हाती येते आणि वही घेऊन नोंदी कोण ठेवतो? ही वाटणी आपोआप होऊ दिली, तर समाजातील जात व लिंग यांची उतरंड वाफ्यांतही उमटते. गृहपाठ न करणाऱ्या मुलास खुरपणीस पाठवले, तर श्रम म्हणजे शिक्षा, हा संस्कार त्याच्या मनावर होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांच्या रोजगारावर सर्वसाधारण बंदी घातली. म्हणून बागेतील काम अल्पवेळेचे, अध्ययनाशी जोडलेले आणि सर्वांना पाळीपाळीने मिळणारे असले पाहिजे. नोंदवही व शेणखताची पाटी या दोन्ही गोष्टी प्रत्येक मुलामुलीच्या हातून गेल्या पाहिजेत. बागेत रासायनिक कीटकनाशकांची फवारणी मुलांच्या हातून कदापि होऊ नये. निंबोळी अर्क व हाताने किडी वेचणे हे मार्ग पुरेसे आहेत.

नई तालीमचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. स्वातंत्र्यानंतर अनेक ठिकाणी हस्तव्यवसाय हा केवळ वेळापत्रकातील एक तास उरला. हे शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी आणि पुस्तकी शिक्षण इतरांसाठी, अशी समजूत पसरली. काम ज्ञानापासून तुटले आणि योजना क्षीण झाली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तरविरहित’ दिवसांची कल्पना मांडली आणि तीत बागकामाचाही उल्लेख केला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये ‘जीवसृष्टीशी निगडित काम’ हा व्यवसाय शिक्षणाचा एक गट आहे, तर एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘कौशल बोध’ या पुस्तकात शालेय परसबाग हा एक प्रकल्प आहे. काम आणि ज्ञान यांची फारकत पुन्हा न होण्याची ही संधी आहे.

समारोप

मित्रहो, उद्या यांपैकी काही जण गटविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी वा जिल्हाधिकारी होतील. त्यांच्या टेबलावर तालुक्यात किती परसबागा उभ्या राहिल्या, याचा तक्ता येईल. तो तक्ता बहुधा ऑक्टोबरमधील छायाचित्रांसह असेल. त्या वेळी आणखी तीन प्रश्न विचारले जावेत. फेब्रुवारीत त्या बागेतून किती किलो भाजी पातेल्यात गेली? दिवाळीत पाणी कोणी घातले? नोंदवहीत कोणकोणत्या मुलांची अक्षरे आहेत? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून पोषण, दुसऱ्यातून लोकसहभाग आणि तिसऱ्यातून समता कळेल. शरदात पेरलेल्या वाफ्याचे मूल्यमापन हिवाळा संपताना करावयाचे असते. तेव्हा वाफा हिरवा असेल, तर योजना कागदावरून जमिनीत उतरली, असे निःशंक म्हणता येईल.